आफ्रिकन मत्स्यालयात कोणते मासे एकत्र ठेवावेत?

शिंपला यांचा प्रश्न

नमस्कार. गेली पाच वर्षे मी गप्पी, मॉली आणि थोडे बार्ब पाळत आले आहे. आता एकाच प्रदेशातले मासे आणि त्याच प्रदेशातल्या वनस्पती असे मत्स्यालय करावे असे मनात आहे आणि तो प्रदेश म्हणून मी आफ्रिका निवडला आहे. टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच आहे. वाळू आणि लाकडाची जागा वजा जाता तिच्यात सव्वादोनशे लिटरच्या आसपास पाणी राहते. टाकीबाहेर ठेवायचा, पाइपने पाणी ये-जा करणारा कॅनिस्टर फिल्टर लावला आहे. घाण पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढावेत म्हणून मासे न सोडता, नुसता अमोनिया घालून सहा आठवडे टाकी चालवली आणि आता अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य येत आहेत. पाण्याचा पीएच ७.२, जीएच (एकूण कठीणपणा) ७ आणि केएच (कार्बोनेट कठीणपणा) ४ आहे. तापमान २५ अंशांवर स्थिर आहे.

माझी यादी अशी आहे: दहा काँगो टेट्रा, सहा पिवळे लॅब, क्रिबेन्सिसची एक जोडी, ज्वेल या सिक्लिड कुळातल्या माशाची एक जोडी, एक बटरफ्लाय फिश, चार अपसाइड डाउन कॅटफिश आणि एक रोपफिश. ज्यांच्याकडून मासे घेणार आहे त्यांचे म्हणणे असे पडले, की हे सगळे आफ्रिकेतलेच आहेत, तेव्हा एकत्र राहतील. पोट भरलेले असले की कोणी कोणाला त्रास देत नाही. मला हे पटलेले नाही, कारण ज्वेलच्या जोडीविषयी मी जे जे वाचले आहे ते सगळे याच्या उलट आहे. यादीतले कोणते मासे खरोखर एकमेकांसोबत राहू शकतील, कोणते वगळावेत आणि वगळले तर त्यांच्या जागी काय घ्यावे? एकदा घरात आणलेले मासे परत करण्याची वेळ येऊ नये असे फार वाटते, म्हणून आधी विचारते आहे.

डोहकाठ यांचे उत्तर

मासे आणण्याआधी विचारलेत हे फार चांगले केलेत. टाकी मोठी आहे, पाणी तयार आहे, त्यामुळे आता फक्त यादीचाच प्रश्न उरतो. आणि यादीत अडचण अशी आहे, की तिच्यात दोन निरनिराळी पाणी एकत्र आली आहेत.

काँगो टेट्रा, क्रिबेन्सिस, बटरफ्लाय फिश, अपसाइड डाउन कॅटफिश, रोपफिश आणि ज्वेल हे पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या नद्यांचे, ओढ्यांचे आणि दलदलीचे मासे आहेत. तिथले पाणी बहुधा मऊ, किंचित आम्लधर्मी आणि पालापाचोळ्यामुळे चहाच्या रंगाचे असते. पिवळा लॅब मात्र पूर्वेकडच्या मलावी सरोवरातला आहे. त्या सरोवराचे पाणी अल्कधर्मी असून पीएच साधारण ७.७ ते ८.६ असतो, तळाशी आणि काठाला खडक असतात आणि वनस्पती त्या मानाने फारच थोड्या. दोन्ही प्रदेश आफ्रिकेत असले, तरी माशांच्या दृष्टीने त्यांच्यात काहीच समान नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. तुमच्या ७.२ पीएचमध्ये पिवळा लॅब सोडला, तर तो लगेच मरणार नाही. पिढ्यान् पिढ्या टाक्यांमध्ये वाढलेले हे मासे बरेच सहन करतात. माझा आक्षेप आकड्यापेक्षा वागण्याला अधिक आहे. मलावीच्या खडकांमधले मासे, ज्यांना मबुना म्हणतात, ते सतत एकमेकांना ढुशा देत, जागा बळकावत जगतात, आणि अन्न पडले की क्षणात त्यावर तुटून पडतात. पिवळा लॅब त्यांच्यातला सौम्य मानला जातो हे खरे, पण तो सौम्य आहे तो मबुनांच्या तुलनेत. काँगो टेट्रा हा मुळात बुजरा मासा आहे. त्याच्यासमोर असे सहा मासे असले, तर तो अन्नाच्या वेळी मागे राहतो, मागच्या कोपऱ्यात थवा करून उभा राहतो आणि त्याचे लांब पर कुरतडले जातात. त्याचे सगळे सौंदर्य त्या परांमध्येच आहे.

काँगो टेट्राविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते तुमच्या टाकीचा कणा तोच व्हायला हवा. विक्रीसाठी ठेवलेली पिल्ले बहुतेक वेळा फिकट, चंदेरी आणि अगदी सामान्य दिसतात, त्यामुळे अनेक जण त्यांच्यावरून नजर तशीच पुढे नेतात. वर्षभराने तोच नर आठ सेंटिमीटरच्या आसपास होतो, त्याच्या अंगावर निळ्या आणि हिरव्या झाकेमधून सोनेरी पट्टा उमटतो आणि शेपटीच्या मधोमध करड्या रंगाची पिसासारखी झालर वाढते. माझ्याकडच्या थव्यातले नर सकाळी दिवा लागल्यावर पहिला अर्धा तास एकमेकांसमोर पर पसरून आडवे उभे राहतात; कोणी कोणाला चावत नाही, नुसते दाखवणे चालते. हे दृश्य आठ-दहा मासे असल्याशिवाय दिसत नाही. म्हणून तुमची दहाची संख्या बाराकडे न्यावी आणि त्यात नरांपेक्षा माद्या थोड्या जास्त ठेवाव्यात असे सुचवतो.

ज्वेल सिक्लिडविषयी तुमची शंका अगदी बरोबर आहे. एकेकटा ज्वेल कधीकधी निभावून जातो, पण जोडी जमली आणि अंडी घातली, की चार फुटांची टाकी तिला पुरत नाही. क्रिबेन्सिसच्या जोडीलाही त्याच तळाशी जागा लागते, त्यामुळे पहिली मारामारी या दोन जोड्यांमध्येच होईल आणि त्यात क्रिबेन्सिस हरेल. पोट भरलेले असले की भांडण होत नाही, हे म्हणणे या माशांना लागू पडत नाही. ही मारामारी भुकेची नसून पिल्लांची आणि जागेची असते. उलट पोटभर खाणारी जोडी लवकर अंडी घालते.

रोपफिश स्वभावाने शांत आहे आणि मला तो फार आवडतो, तरीही तो इथे घेऊ नका. तो ३० सेंटिमीटरच्या पुढे वाढतो, रात्री तोंडात मावेल ते गिळतो आणि हवेतून श्वास घेऊ शकत असल्यामुळे पाइपभोवतीच्या बोटभर फटीतूनही बाहेर पडतो. त्याला स्वतंत्र, रुंद आणि घट्ट झाकलेली टाकी द्यावी लागते.

अपसाइड डाउन कॅटफिश जरूर घ्या, पण चाराऐवजी पाच-सहा घ्या आणि घेताना नीट पारखून घ्या. याच नावाखाली सिनोडॉन्टिसच्या निरनिराळ्या जाती विकल्या जातात. तुम्हाला हवा तो सिनोडॉन्टिस निग्रिव्हेंट्रिस, जो नऊ-दहा सेंटिमीटरवर थांबतो. त्याच्यासारखीच ठिपकेदार दिसणारी फेदरफिनची पिल्ले मात्र मोठी होऊन २० सेंटिमीटरच्या पुढे जाऊ शकतात. ओळख अशी, की निग्रिव्हेंट्रिसचे पोट पाठीपेक्षा गडद असते. बहुतेक माशांमध्ये पाठ गडद आणि पोट फिकट असते, म्हणजे वरून पाहणाऱ्याला मासा तळाच्या अंधारात मिसळून जातो. हा मासा उलटा पोहत असल्यामुळे त्याचे रंगही उलटे झाले आहेत. आडव्या लाकडाच्या खालच्या बाजूला तो पोट टेकवून दिवसभर राहतो, म्हणून तशी छपरासारखी जागा दोन-तीन ठिकाणी करून ठेवा.

बटरफ्लाय फिशही राहू शकेल. तो पाण्याच्या पृष्ठभागाला चिकटून राहतो आणि तिथे तुमच्या यादीतले दुसरे कोणीच कायम राहत नाही. त्याचे तोंड मात्र दिसते त्यापेक्षा बरेच मोठे उघडते. काँगो टेट्राची तीन सेंटिमीटरची पिल्ले त्याच्याबरोबर सोडली, तर एकेक करून कमी होतील. टेट्रा पाच सेंटिमीटरचे झाल्यावर मग हा मासा आणावा.

पाणकणीस यांचे उत्तर

डोहकाठ यांच्याशी मी जवळजवळ सर्वत्र सहमत आहे. क्रिबेन्सिसच्या जोडीबद्दल मात्र त्यांनी काहीच इशारा दिला नाही, म्हणून लिहिते.

क्रिबेन्सिस हा सर्वांबरोबर राहणारा, नवशिक्यांसाठी योग्य असा सिक्लिड म्हणून ओळखला जातो, आणि अंडी घालेपर्यंत तो तसाच असतो. माझ्याकडची मादी रंगावर आली, म्हणजे तिचे पोट पिकलेल्या करवंदासारखे लालजांभळे झाले, की ती नरासमोर अंग वाकवून थरथरत उभी राहू लागे. त्यानंतर दोन दिवस जोडी दिसेनाशी व्हायची आणि नारळाच्या करवंटीच्या तोंडातून वाळूचे घास बाहेर येताना दिसायचे. पिल्ले पोहू लागल्यावर मादीने अपसाइड डाउन कॅटफिशना टाकीच्या अर्ध्या भागातून हाकलून लावले. ते मासे रात्री तळ चाचपत फिरतात आणि पिल्ले मिळाली तर खातात, त्यामुळे तिचे तिच्या दृष्टीने बरोबरच होते. पण एका कॅटफिशच्या मिशा आखूड झाल्या आणि मला ती जोडी वेगळी करावी लागली. ती टाकी तीन फुटांची होती आणि त्यात आडोसा जवळजवळ नव्हता, ही चूक माझी होती.

तुमची टाकी चार फुटांची असल्यामुळे जोडी ठेवता येईल, मात्र गुहा आणि करवंट्या टाकीच्या एकाच टोकाला ठेवा आणि कॅटफिशसाठीचे लाकूड दुसऱ्या टोकाला. मध्ये अनुबियास ही पाणवनस्पती बांधलेला मोठा ओंडका आडवा असावा, म्हणजे तळावरून एका टोकाकडून दुसरे टोक दिसणार नाही. हद्द नजरेने ठरते. समोर दिसणाऱ्या माशावर सिक्लिड धावून जातो, न दिसणाऱ्यावर जात नाही. दोन जोड्या ठेवण्याचा मोह टाळा. पिल्लांची जबाबदारी नकोच असेल, तर एकच नर ठेवणे हा सर्वांत शांत मार्ग आहे.

पिल्ले वाढवणार असाल, तर आणखी एक माहिती उपयोगी पडेल. क्रिबेन्सिसमध्ये पिल्लांचे लिंग ठरण्यावर पाण्याच्या पीएचचाही परिणाम होतो. आम्लधर्मी पाण्यात नर जास्त निघतात आणि पीएच सातच्या वर असला तर माद्यांचे प्रमाण वाढते. पिल्ले इतरांना देताना एकाच लिंगाची झाली, तर त्यांना जोड्या मिळणे अवघड होते.

क्रिबेन्सिसऐवजी वेगळे काही हवे असेल, तर बफेलोहेड सिक्लिडचा विचार करा. काँगो नदीच्या खळखळाटाच्या भागातला हा मासा आहे. त्याचा हवेचा फुगा फारसा विकसित झालेला नसल्यामुळे तो तरंगत नाही, तर दगडांवरून उड्या मारत सरकतो. त्याला जोरदार प्रवाह लागतो, त्यामुळे तो घेतला तर संथ पृष्ठभाग लागणारा बटरफ्लाय फिश यादीतून वगळावा लागेल. दोघांना एकाच टाकीत सुखाने ठेवता येणार नाही.

खडकवाट यांचे उत्तर

यादीत पिवळे लॅब आहेत, त्याअर्थी मलावीच्या रंगांची ओढ तुम्हाला असणारच, म्हणून दुसरी बाजू मांडतो. ते मासे नद्यांच्या माशांबरोबर ठेवू नयेत हे मान्य आहे. पण मन तिकडेच जात असेल, तर हीच टाकी पूर्णपणे मलावीची करावी. अर्धे इकडचे, अर्धे तिकडचे केल्याने दोन्हींचा आनंद जातो.

तसे केल्यास नियम जवळजवळ उलटे होतात. नदीच्या टाकीत माशांना मोकळी जागा द्यायची असते. मबुनांच्या टाकीत ती मुद्दाम थोडी भरलेली ठेवतात, कारण सहाच मासे असले तर सर्वांत दांडगा नर एकाच दुबळ्याला धरून मारतो, आणि वीस असले तर त्याचा राग विभागला जातो. अर्थात तेवढ्या माशांची घाण काढणारा फिल्टर आणि दर आठवड्याला तीस ते चाळीस टक्के पाणी बदलण्याची तयारी असेल, तरच हे करावे. इथे एक धोका अनेकांच्या लक्षात येत नाही. पाण्यातला अमोनिया पीएच वाढेल तसा अधिक विषारी रूपात येतो, म्हणून ७.० पीएचला जे प्रमाण मासे सोसतात तेच ८.२ ला त्यांना मारू शकते. मलावीच्या टाकीत फिल्टर बंद पडून चालत नाही.

दगड थेट टाकीच्या तळावर टेकवून रचावेत आणि मग वाळू घालावी. हे मासे वाळू उकरतात आणि वाळूवर ठेवलेला दगड घसरून काच फुटू शकते. खाण्यात शेवाळयुक्त, वनस्पतिजन्य अन्न मुख्य असावे. पिवळा लॅब निसर्गात बारीक जीवही खातो, पण त्याच्यासोबतच्या बहुतेक मबुनांचे लांब आतडे शेवाळ खरवडून खाण्यासाठी घडलेले असते, आणि त्यांना प्राण्यांचे मांस वारंवार दिले तर पोट फुगण्याचा आजार होतो, जो बहुधा जीवघेणाच ठरतो. ऑराटस हा मबुना घेऊ नका. पिल्लू असताना त्याचे पिवळे-काळे पट्टे मोह पाडतात आणि मोठा झाल्यावर तो टाकी एकट्याची करतो.

टांगानिका सरोवर हा आणखी वेगळा विषय आहे. तिथे पाणी मलावीपेक्षाही जास्त अल्कधर्मी असते, पीएच नऊच्या आसपास. तिथल्या मल्टिफॅसिएटस या चार सेंटिमीटरच्या सिक्लिडची वसाहत गोगलगाईंच्या रिकाम्या शंखांमध्ये राहते, आणि पुढे कधी दोन फुटांची टाकी रिकामी झाली, तर तिच्यासाठी याहून योग्य मासे मला माहीत नाहीत. या टाकीत मात्र त्यांना आणू नका.

शिंपला यांचे म्हणणे

तिघांचेही मनापासून आभार. दोन दिवस विचार करून नदीचीच टाकी करायचे ठरवले आहे, कारण मला वनस्पतींची आवड आहे आणि अनुबियास व बोल्बिटिस मी आधीच आणून ठेवले आहेत. ज्वेल, पिवळे लॅब आणि रोपफिश यादीतून काढले. आता यादी अशी झाली: बारा काँगो टेट्रा, सहा निग्रिव्हेंट्रिस, क्रिबेन्सिसची एक जोडी आणि शेवटी एक बटरफ्लाय फिश. पाणकणीस यांनी सांगितल्याप्रमाणे ओंडका मध्ये आडवा ठेवून पाहिला. वाळूच्या पातळीवर डोळे आणून पाहिले, तेव्हा दुसरे टोक खरोखरच दिसत नाही.

दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. मासे कोणत्या क्रमाने आणि किती अंतराने सोडावेत? आणि बटरफ्लाय फिशला संथ पृष्ठभाग हवा, तर कॅनिस्टरच्या प्रवाहाचे काय करावे?

डोहकाठ यांचे उत्तर

यादी चांगली झाली आहे. क्रम ठरवताना एकच तत्त्व धरा: ज्याला हद्द हवी असते, तो शेवटाकडे यावा. क्रिबेन्सिस आधी सोडले, तर महिन्याभरात सगळा तळ त्यांचा होतो आणि नंतर येणारा प्रत्येक मासा त्यांना घुसखोर वाटतो.

म्हणून आधी काँगो टेट्रा सोडा. टाकी अमोनियावर तयार झाली आहे, त्यामुळे बाराही एकदम सोडता येतील, आणि तसेच करावे, कारण थोडे थोडे सोडले तर ते अधिक बुजतात. पहिले तीन-चार दिवस दिवा मंद ठेवा. ते खायला आले नाहीत तरी घाबरू नका आणि उरलेले अन्न काढून टाका. तीन आठवड्यांनी कॅटफिश आणा. त्यानंतर आणखी तीन-चार आठवड्यांनी क्रिबेन्सिसची जोडी, आणि टेट्रा पाच सेंटिमीटरचे झाले की बटरफ्लाय फिश. टेट्रांनंतर येणारा प्रत्येक नवा मासा आधी वेगळ्या छोट्या टाकीत तीन आठवडे ठेवणे शक्य असेल, तर जरूर ठेवा. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग भरलेल्या टाकीत शिरल्यावर औषध देणे कठीण होते, कारण सिनोडॉन्टिसच्या अंगावर खवले नसतात आणि काही औषधांचा पूर्ण डोस त्यांना सोसत नाही.

प्रवाहासाठी कॅनिस्टरचा परतीचा पाइप पृष्ठभागाच्या दहा-बारा सेंटिमीटर खाली, टाकीच्या एका टोकाला लावा आणि त्याचे तोंड लांबीच्या दिशेने ठेवा. टेट्रांना मधल्या थरात पोहण्यासाठी प्रवाह मिळेल आणि समोरच्या टोकाला वरचे पाणी शांत राहील. त्या शांत टोकावर तरंगती वॉटर स्प्राइट सोडा. ती वनस्पती आफ्रिकेतही आढळते, तेव्हा तुमच्या संकल्पनेला बाधा येत नाही. तिच्या सावलीत अनुबियासच्या पानांवर शेवाळ कमी चढते. अनुबियास आणि बोल्बिटिस या दोहोंचे आडवे खोड वाळूत पुरू नका, दोऱ्याने लाकडाला बांधा. पुरले तर ते कुजते.

बटरफ्लाय फिश बुडालेल्या अन्नामागे जात नाही. तरंगणारे कीटक किंवा तरंगती गोळी त्याच्या तोंडासमोर पडली तरच तो खातो, आणि काँगो टेट्रा ती त्याच्या आधी पळवतात. मी टाकीच्या दूरच्या टोकाला टेट्रांचे अन्न आधी घालतो, ते तिकडे गुंतले की चिमट्यात धरलेला किडा वॉटर स्प्राइटच्या मधल्या मोकळ्या जागेत सोडतो. मासा हलत नाही, फक्त पोटाखालचे दोऱ्यासारखे पर ताठ होतात, आणि पुढच्याच क्षणी किडा दिसेनासा होतो. त्याच जोराने तो टाकीबाहेरही उडी मारतो, म्हणून तो यायच्या आधी झाकण तपासा. पाइप आणि वायर जिथून आत येतात त्या खाचांमध्ये फिल्टरच्या स्पंजचे तुकडे कापून घट्ट बसवा.